आधी थर काढा, वासाचं नंतर बघू

जुनी गाडी घेतली, इंजिन ठणठणीत, टायर बरे, कागदपत्रं चोख. पण दार उघडलं की सिगारेटचा भपकारा. या वेळचे सगळे प्रश्न याच एका दुखण्याचे आहेत. काही पत्रांत तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : गाडी घेऊन तीन आठवडे झाले. आधीचे मालक गाडीतच सिगारेट ओढायचे. दोनदा आतून धुऊन घेतली, परफ्यूमच्या दोन डब्या ठेवल्या. सकाळी वास नसतो. दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की पुन्हा तोच वास. हा येतो तरी कुठून?

उत्तर : गाडीतली हवा तुम्ही रोज दारं उघडून बदलताच. वास हवेत असता तर पहिल्याच दिवशी गेला असता. तो आहे पृष्ठभागांवर. धुरातले कण फार बारीक असतात, बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान. ते काचेवर, प्लास्टिकवर, कापडाच्या एकेका धाग्यावर बसतात आणि हळूहळू चिकट, पिवळट तपकिरी थर जमतो. निकोटिन त्यातच असतं आणि वास देणारी इतर बरीच रसायनंही. गाडी थंड असताना हा थर गप्प असतो. तापली की त्यातली रसायनं उडून केबिनमध्ये भरतात. दमट हवेतही वास असाच उठतो. म्हणून सकाळची गाडी तुम्हाला फसवते.

दोनदा धुऊनही उपयोग झाला नाही, कारण आतून धुणं म्हणजे बहुतेक ठिकाणी सीट, मॅट आणि डॅशबोर्ड. धूर मात्र गरम असतो आणि वर जातो. छताचं अस्तर, काचांचा वरचा भाग, सनव्हायझरची मागची बाजू, सीटबेल्ट, दारांमधले खांब आणि एसीच्या आतला भाग, हे सगळं तसंच राहतं. खात्री करून घ्यायची असेल तर एक पांढरा सुती कपडा कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि ड्रायव्हरच्या दारावरच्या छताच्या कडेला दहा सेकंद नुसता दाबून धरा. घासू नका. कपड्यावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला, तर धुणाऱ्यांनी छताला हात लावलेला नाही.

परफ्यूमने वास जात नाही, एकाचे दोन होतात. डॅशबोर्डला चमक आणणारं सिलिकॉन पॉलिश तर या कामात नकोच. ते थरावर तेलकट पापुद्रा चढवतं आणि मग खालचा थर काढणं आणखी अवघड होतं. आधीच चढवलेलं असेल, तर तेही उतरवावं लागेल.

प्रश्न : दोन दिवस सुट्टी आहे आणि काम स्वतःच करायचं आहे. काय काय लागेल आणि क्रम काय ठेवायचा?

उत्तर : दोन दिवसांत होतं. फक्त ओलं काम पहिल्याच दिवशी संपवा, म्हणजे सुकायला पूर्ण दुसरा दिवस मिळेल.

सामान असं : व्हॅक्यूम क्लीनर, शक्यतो पाणीही ओढणारा, मायक्रोफायबरचे 15 ते 20 कपडे, मऊ ब्रश दोन, फवाऱ्याच्या बाटल्या दोन, पांढरं व्हिनेगर, ऑल-पर्पज क्लीनर, नवा केबिन फिल्टर (केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा), एसी कॉइल (हवा थंड करणारा एसीचा आतला भाग) साफ करण्याचा फेस, रबरी हातमोजे. कपड्यांचा आकडा वाचून हसू नका. एकच कपडा धुऊन धुऊन वापरला की छतावरचा थर उचलून दाराला लावण्याचं काम होतं. हातमोजेही दिखाव्याला नाहीत, ओलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं.

एका बाटलीत 500 मिलि व्हिनेगर आणि 500 मिलि पाणी. दुसऱ्या बाटलीत एक लिटर पाण्याला 100 मिलि क्लीनर. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. व्हिनेगर कशासाठी, तर निकोटिन आम्लारिधर्मी आहे. आम्ल मिळालं की त्याचा क्षार होतो. तो हवेत उडत नाही आणि पाण्यात सहज विरघळतो, म्हणजे ओल्या कपड्याबरोबर निघून येतो. अमोनियाचा काचक्लीनर नेमकं उलटं करतो : निकोटिन मोकळं करून हवेत सोडतो. ऐन साफसफाईत गाडीला अचानक जास्तच वास यायला लागला, तर हातातल्या बाटलीत अमोनिया आहे का ते बघा.

आधी गाडी पूर्ण रिकामी करा. स्टेपनीच्या खड्ड्यातलं सामान, मॅट, डिकीतलं कार्पेट, सगळं बाहेर. ॲशट्रे निघत असेल तर काढून वेगळी भिजत घाला. मग कोरडं व्हॅक्यूम. पुढच्या सीट पूर्ण मागे सारून रुळांमधून, नंतर पूर्ण पुढे घेऊन मागून. सीट आणि मधल्या कन्सोलमधल्या फटीत राख हमखास सापडते. ही पायरी गाळून थेट पाणी मारलंत, तर राखेचा काळा चिखल होऊन कार्पेटच्या मुळाशी बसतो आणि मग तो ओढूनही येत नाही.

यानंतर जुना केबिन फिल्टर काढून फेकून द्या आणि एसीची कॉइल साफ करा. कृती पुढच्या एका उत्तरात आहे. हे आताच, कारण कॉइलमधून निघणारी घाण ब्लोअरने बाहेर फेकली, तर ती अजून न धुतलेल्या सीटवर पडलेली बरी.

पुढचं सगळं वरून खाली. आधी छत. त्याला वेगळं उत्तर दिलं आहे, ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

मग काचा, आणि इथे घाई करू नका. व्हिनेगरचं पाणी कपड्यावर घेऊन एक हात, नवा कपडा घेऊन दुसरा, कोरड्या कपड्याने तिसरा. पुढच्या काचेवर पहिल्या हाताला पिवळे ओघळ दिसतात, दुसऱ्याला काच नुसतीच धुरकट होते, तिसऱ्यानंतर पारदर्शक. चौथा हात लागला तर लागला. डॅशबोर्ड आणि काच मिळतात त्या खाचेत बोटं पोचत नाहीत. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीला कपडा गुंडाळून तिथे फिरवा. मागच्या काचेवर डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतील, तर पुसताना हात तारांच्या दिशेनेच फिरवा, तारा ओलांडून नाही, आणि ब्लेड लावू नका. दाराच्या काचा अर्ध्या खाली करून वरची कड वेगळी पुसायची. नेहमी रबराच्या खाचेत दडलेली ही कड कायम राहून जाते.

मग प्लास्टिक. दारांमधल्या खांबावर व्हिनेगरचं पाणी हलकं उडवा आणि अर्धा मिनिट नुसते बघत राहा. बारीक थेंब एकमेकांत मिसळतात, तपकिरी होतात आणि ओघळ धरतात. हे एकदा पाहिलं की परफ्यूमच्या डब्या आपोआप कचऱ्यात जातात. ओघळ खाली पोचायच्या आत टिपा, नंतर क्लीनरचं पाणी कपड्यावर घेऊन पुसा, शेवटी साध्या ओल्या कपड्याने. स्टिअरिंग, गिअरची मूठ, हँडब्रेक, दारांचे खिसे, सनव्हायझरची दोन्ही अंगं, आरशाची मागची बाजू, एसीच्या जाळ्यांची प्रत्येक पट्टी. जाळ्यांना मऊ ब्रश लागतो. बटणं, स्क्रीन आणि स्पीकरच्या जाळ्यांवर फवारा कधीच मारायचा नाही, पाणी कपड्यावर घ्यायचं. मीटरवरच्या पारदर्शक प्लास्टिकला अल्कोहोल लावू नका, त्यावर कायमच्या बारीक चिरा पडू शकतात.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वरच्या बाजूला चिमटा लावा, म्हणजे तो परत आत जाणार नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी पुसा आणि पूर्ण सुकेपर्यंत चिमटा काढू नका. ओला बेल्ट आत गुंडाळला गेला की आठवडाभराने कुबट वास येतो आणि दोष सिगारेटवर जातो. ब्लीच किंवा तीव्र रसायन बेल्टला चालत नाही. त्याचे धागे कमजोर होतात, आणि याच धाग्यांवर जिवाचा भरवसा आहे.

कापडी सीटवर क्लीनरचं पाणी, एका सीटला साधारण 150 ते 200 मिलि, त्याहून जास्त नको. ब्रशने हलका फेस काढा, पाच मिनिटं थांबा आणि ओल्या व्हॅक्यूमने ओढा. मग साधं पाणी मारून पुन्हा ओढा. टाकीतलं पाणी पहिल्यांदा काळपट, दुसऱ्यांदा पिवळट येतं. जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत ओढत राहा. हेडरेस्ट काढून धुवा; डोकं टेकतं त्याच जागी केसांचं तेल आणि धूर एकत्र बसलेले असतात. एक सावधगिरी : पुढच्या सीटखाली वायरींचे कनेक्टर असतात. पिवळे दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे किंवा बेल्टचे. ते ओढायचे नाहीत, त्यांवर पाणी उडवायचं नाही, आणि सीट बाहेर काढली असेल तर इग्निशन चालू करायचं नाही. केलंत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर शोधावा लागतो.

कार्पेट सगळ्यात शेवटी. त्याच्याखाली जाड नमदा किंवा फोम असतो. तो एकदा भिजला की दिवसेंदिवस सुकत नाही. म्हणून फेस वरवर घ्या आणि लगेच ओढून काढा. रात्रभर काचा बोटभर उघड्या आणि आत पंखा. दुसऱ्या दिवशी चारही दारं उघडी. नमद्यावर हात दाबून थंडावा जाणवला, तर ते अजून ओलं आहे असं समजा.

प्रश्न : छत धुतलं तर कापड सुटून लोंबतं असं ऐकलं. खरं आहे का? मग छताला हात लावायचाच नाही का?

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, पण छत सोडलं तर बाकीची मेहनत वाया जाईल. गाडीतला धुराचा सगळ्यात मोठा साठा तिथेच असतो.

बहुतेक गाड्यांत छताचं अस्तर तीन थरांचं असतं : खाली दिसणारं कापड, त्यामागे काही मिलिमीटर जाडीचा फोम, आणि त्यामागे साच्यात दाबलेला कडक पुठ्ठा किंवा फायबर. कापड गोंदावर तोललेलं असतं. पाणी फोमपर्यंत पोचलं की गोंद सुटतो, शिवाय जुना फोम स्वतःच भुगा होऊन गळायला लागतो. पंधरा दिवसांनी मागच्या काचेजवळ कापडाचा फुगा दिसतो, तो याचाच.

म्हणून छतावर फवारा नाही. क्लीनरचं पाणी वाटीत घेऊन स्पंजने फेटा आणि वरचा नुसता फेस कपड्यावर उचला. साधारण हातरुमालाएवढ्या भागावर एकाच दिशेने, जोर न देता फिरवा. लगेच दुसऱ्या, पिळून जवळजवळ कोरड्या केलेल्या कपड्याने टिपा. मागच्या कोपऱ्यातून सुरू करून ओळीने पुढे या. मध्येच थांबू नका, नाहीतर ओल्या भागाची कड सुकून पाण्याच्या डागासारखी रेघ पडते आणि ती सिगारेटच्या पिवळेपणापेक्षा जास्त डोळ्यांत येते. एक फेरी झाली की पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, मग दुसरी. पहिल्या फेरीत रंग बदलतो आणि दुसरीत वास. दोन्ही एकाच दमात उरकायला गेलात की फोम भिजलाच म्हणून समजा.

वाफेचं यंत्र छताला नको. उष्णता आणि ओल एकत्र मिळाली की गोंदाला तेवढं पुरतं. छताच्या दोन्ही कडांना पडदा एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असेल, तर तिथे काही टोचायचं नाही की खुपसायचं नाही. सनरूफ असेल, तर त्याचा सरकता पडदा पुढे-मागे करून दोन्ही बाजू पुसा. बरेच जण सनरूफ किंचित उघडून सिगारेट ओढतात, त्यामुळे तिथला थर जाड असू शकतो.

अस्तर आधीच लोंबत असेल, तर धूत बसू नका. ते नवं घाला. वासाच्या दृष्टीने त्याने एवढा फरक पडतो की इतर अर्धी कामं त्यापुढे किरकोळ वाटतील.

प्रश्न : आता गाडीत वास नाही. पण एसी लावला की पहिली दोन मिनिटं सिगारेटचा भपका येतो, मग थांबतो. का?

उत्तर : भपका आधी येतो आणि मग विरतो, म्हणजे उगम एसीच्या आत आहे. गाडीत सिगारेट ओढणारे अनेकदा एसी आतल्या हवेवर ठेवतात. मग ब्लोअर तोच धूर पुन्हा पुन्हा ओढून कूलिंग कॉइलवर फेकतो. कॉइलचे पत्रे थंड आणि ओले असतात, त्यांवर धूर छान चिकटतो. साधा केबिन फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. धुराचे कण त्याच्या मानाने फारच बारीक. त्यातले काही फिल्टरवर बसतात, बरेचसे पुढे जातात.

फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या आत दाबल्या की तो खाली येतो, मागे झाकण दिसतं. जुना फिल्टर काढताना नाकाजवळ नेऊन बघा, उत्तर लगेच मिळेल. काही साध्या मॉडेलांत फिल्टर नसतोच. तिथे कॉइल अधिकच मळलेली असते.

कॉइल साफ करताना इंजिन बंद. फेसाच्या डब्याची लांब नळी फिल्टरच्या खाचेतून किंवा गाडीखालच्या एसीच्या पाण्याच्या नळीतून आत घाला आणि डब्यावर दिलं असेल तेवढा फेस सोडा. 15 ते 20 मिनिटं थांबा. फेसाचं पाणी होऊन गाडीखाली ठिबकेल, त्याचा रंग बघून घ्या. काहीच ठिबकलं नाही, तर पाण्याची नळी तुंबली आहे. आधी ती मोकळी करा, नाहीतर हे सगळं पाणी पुढच्या कार्पेटखाली उतरेल. ब्लोअरची मोटर आणि तिच्या जवळचे वायरिंगचे भाग टाळून फवारा. मग गाडी उघड्यावर घ्या, इंजिन सुरू, एसी बंद, हीटर चालू, ब्लोअर पूर्ण, काचा खाली, 10 ते 15 मिनिटं. जाळ्यांची दिशा बदलत राहा : पायाकडे, काचेकडे, समोर. प्रत्येक दिशेची वाट वेगळी आहे, आणि काचेकडची वाट लोक विसरतात.

नवा फिल्टर सगळी कामं संपल्यावरच बसवायचा, शक्यतो कार्बनचा. कडेवरचा बाण हवेच्या दिशेने हवा. उलटा बसवला तर तो नीट काम करत नाही. इतकी साधी चूक वर्कशॉपमध्येही होते.

प्रश्न : गाडी साफ करून देणारा डिटेलिंगवाला म्हणतो, ओझोनचं मशीन अर्धा तास लावू, बाकी काही करायची गरज नाही.

उत्तर : बाकी करायची गरज आहे. ओझोन हा वायू आहे; तो थर काढत नाही, थरावरच्या रसायनांशी रासायनिक क्रिया करतो. थर पातळ असला तर उरलेला वास संपवायला उत्तम. थर जाड असला तर ओझोन वरच्या वर खर्च होतो, खालचं तसंच राहतं, आणि दोन आठवड्यांनी वास परत. शिवाय निकोटिन आणि ओझोन एकत्र आले की फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. म्हणजे न धुतलेल्या गाडीत ओझोन सोडणं फक्त निरुपयोगी नाही, ते तोट्याचंही आहे.

धुऊन, सुकवून झाल्यावर मात्र जरूर लावा. फिल्टर काढलेला, ब्लोअर मंद, हवा आतल्या आत, मशीन ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायापाशी. आतली हवा ओढणारी खाच बहुतेक गाड्यांत त्याच बाजूला असते. 30 मिनिटं चालवा, मग सगळी दारं उघडून किमान तासभर हवा खेळू द्या. वास बघा, गरज वाटली तर पुन्हा 30 मिनिटं. सलग चार तास चालवण्याने काम चौपट होत नाही, रबरी पट्ट्या आणि फोम मात्र लवकर म्हातारे होतात. ताणलेल्या रबराला ओझोनने चिरा पडतात हे जुनं ज्ञान आहे. मशीन चालू असताना गाडीत माणूस नको, प्राणी नको. कामाच्या जागी ओझोनची मर्यादा दहा लाखात 0.1 भाग इतकी कमी धरतात, आणि बंद गाडीत ती कितीतरी ओलांडली जाते. ब्लोअरसाठी इंजिन चालू ठेवणार असाल तर गाडी उघड्यावरच हवी, बंद गॅरेजमध्ये नाही. इंजिन बंद ठेवणार असाल तर बॅटरीचा विचार करा.

प्रश्न : खायचा सोडा, व्हिनेगर, कोळसा, कॉफीची पूड, एंझाइमचा फवारा. यातलं खरं काय?

उत्तर : व्हिनेगरचं वर आलंच. सोडा कापडावर रात्रभर पसरून सकाळी ओढून काढला तर थोडी मदत होते. सीट आणि कार्पेट मिळून अर्धा किलो पुरे. पण तो मुख्यतः आम्लधर्मी वासांवर चालतो आणि निकोटिन त्या जातीचं नाही. सीटच्या रुळांत आणि शिवणीत अडकलेला सोडा पुढे महिनाभर पांढरा उडत राहतो, तो त्रास वेगळा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं छान, पण दोघंही एकमेकांना संपवतात आणि हातात खारं पाणी उरतं. सक्रिय कोळसा खरा आहे, पण संथ. हवेत उतरलेला वास तो धरतो, थराकडे स्वतः जात नाही. सगळं काम झाल्यावर सीटखाली दोन पिशव्या ठेवल्या तर उरलासुरला वास आवरतो. कॉफी म्हणजे परफ्यूमच. एंझाइम दूध, उलटी, लघवी यांवर चांगले; तंबाखूच्या डांबरावर त्यांच्याकडून फार अपेक्षा नको.

प्रश्न : लेदर सीटलाही हीच कृती का?

उत्तर : नाही. खऱ्या लेदरला व्हिनेगर आणि अल्कोहोल नको, ऑल-पर्पज क्लीनरही नको. लेदरचाच क्लीनर, मऊ ब्रश, फेस, पुसणं, दोन फेऱ्या, शेवटी कंडिशनर. छिद्रांचं लेदर असेल तर फेस कपड्यावर घ्या. छिद्रांतून पाणी आतल्या फोममध्ये गेलं की बाहेर काढायला वाट नाही. शिवणीत आणि पाठ व बैठक मिळतात त्या घडीत बोट घालून बघा, पिवळेपणा तिथे लपतो. कृत्रिम लेदरला सौम्य साबणाचं पाणी चालतं.

प्रश्न : घरात दीड वर्षाचं मूल आहे. वास गेला म्हणजे धोकाही गेला का?

उत्तर : नाक हे मोजमाप नाही. वास कमी झाला तरी थर उरलेला असू शकतो, आणि लहान मुलं सगळीकडे हात लावून तोच हात तोंडात घालतात. म्हणून मूल बसणार त्या भागात प्लास्टिक, दाराचा आतला भाग, काचेची खालची कड आणि बेल्ट हे सगळं, पुसायचा कपडा स्वच्छ निघेपर्यंत पुसा. मुलाची सीट या गाडीबरोबर आली असेल तर ती वापरू नका. तिचं कापड धुता येईल, पण आतला फोम नाही, आणि ती आधी अपघातात सापडली होती का हेही तुम्हाला कळणार नाही. ओझोन लावताना स्वतःच्या मुलाची सीट बाहेर ठेवा.

प्रश्न : आधीचा मालक व्हेप (ई-सिगारेट) ओढायचा. तेही असंच?

उत्तर : सोपं आहे. तो थर मुख्यतः ग्लिसरीन आणि प्रोपिलिन ग्लायकॉलचा, दोन्ही पाण्यात विरघळतात. काचेवर तेलकट धुकं दिसेल. कोमट साबणाचं पाणी आणि दोन-तीन कपडे. फिल्टर मात्र बदला.

प्रश्न : सगळं केलं. आता मला वास येत नाही, पण बायको म्हणते येतो. कोणाचं खरं?

उत्तर : त्यांचं. तुम्ही दोन दिवस त्या गाडीत घालवलेत, तुमचं नाक सरावलं आहे. चाचणी अशी घ्या : गाडी काचा बंद करून दोन-तीन तास उन्हात ठेवा. सिगारेट न ओढणाऱ्या आणि त्या दिवशी गाडीत न बसलेल्या माणसाला दार उघडायला सांगा. पहिला श्वास काय तो खरा. वास आला तर त्यांनाच नाक जवळ नेऊन जागा शोधू द्या : छताचे चार कोपरे, बेल्टची आत गुंडाळलेली लांबी, सनव्हायझर, पुढच्या सीटची पाठ, डिकीचं अस्तर. वास बहुधा एखाद्याच जागी मुक्काम ठोकून असतो आणि त्या एका भागावर पुन्हा हात फिरवला की काम होतं.

प्रश्न : गाडी घेण्याआधीच कसं ओळखायचं? विकणारा तर सांगणार नाही.

उत्तर : दार उघडताच परफ्यूमचा जोरदार वास आला तर तिथेच थांबा आणि विचारा. गाडी आधी बंद करून उन्हात ठेवायला सांगा. मग एसी न लावता हीटर लावा, हवा आतल्या आत, पाच मिनिटं. सनव्हायझर खाली ओढून त्याच्यामागे लपलेलं छत आणि बाजूचं उघडं छत यांचा रंग ताडून बघा. बेल्ट पूर्ण ओढून आतल्या भागाचा रंग बाहेरच्या भागाशी जुळतो का ते बघा. ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या कडेवर आणि दाराच्या पॅडवर गोल, कडक कडांची भोकं शोधा, ती निखाऱ्याची असतात. ग्लव्हबॉक्स उघडून फिल्टर बघू द्याल का असं विचारा. फिल्टर कोरा करकरीत आणि छत पिवळट दिसलं, तर गाडी विकण्यासाठी नुकतीच सजवली आहे. अशा वेळी नव्या अस्तराचा आणि मजुरीचा खर्च विचारून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.